विच हेझल: झुडूप ओळखण्यापासून सालीच्या काढ्यापर्यंत

माझ्या पहिल्या बाळंतपणासाठी आई पुण्याहून कनेक्टिकटला आली, तेव्हा तिच्या बॅगेत अळीव, डिंक, शतावरी, बाळंतशेपा असं सगळं होतं. दवाखान्यात नर्सने टाक्यांच्या जागी ठेवायला ओलसर, गोल चकत्या दिल्या. आईने एक हातात घेऊन वास घेतला आणि विचारलं, "कशाच्या पाण्यात भिजवल्यात गं या?" डबीवर नाव होतं विच हेझल. एका झुडपाच्या फांद्यांपासून करतात, आग आणि सूज उतरते, असं नर्सने सांगितल्यावर आई लगेच म्हणाली, "म्हणजे तुरट झाड असणार. आपण नाही का त्रिफळ्याच्या पाण्याने धूत, तसंच." झाडाबद्दलचा तिचा अंदाज तंतोतंत बरोबर होता. चकतीबद्दलचा मात्र अर्धाच, आणि तो अर्धा का हे कळायला मला पुढे काही वर्षं लागली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबागाडी ढकलत घराजवळच्या रानवाटेने जात होते. पानगळ संपत आलेली, सगळं रान करडं. आणि त्यात एका झुडपाच्या उघड्या फांद्यांवर पिवळ्या चुरगळलेल्या धाग्यांचे पुंजके. थंडीच्या तोंडावर कोण फुलतं, म्हणून चौकशी केली आणि पुन्हा तेच नाव पुढे आलं. आता आमच्या परसात त्याची तीन झुडपं आहेत. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, ओंटारिओ अशा ठिकाणी राहणाऱ्या आणि घरामागे थोडी जमीन असलेल्या मराठी मंडळींना हे झुडूप लावता यावं, ओळखता यावं, त्याची साल नीट वापरता यावी, म्हणून हे लिहिते आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठीही पुढे थोडं सांगितलं आहे.

नावात काय आहे

'विच' म्हटलं की चेटकीण आठवते, पण इथे तिचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत 'विचे' म्हणजे लवचीक, वाकवलं तरी न मोडणारं. पानं हेझल नावाच्या, खायची बी देणाऱ्या झाडाच्या पानांसारखी दिसतात म्हणून पुढे हेझल. लवचीकपणा या कुळातच असावा. पश्चिम हिमालयात, काश्मीर-हिमाचलात याच कुळातलं पॅरोशियॉप्सिस नावाचं झुडूप वाढतं आणि त्याच्या फांद्यांच्या टोपल्या विणतात.

इंग्लंडहून आलेल्या वसाहतवाल्यांनी याच्या बेचक्या फांद्या जमिनीतलं पाणी शोधायला वापरल्या. आपल्याकडे पाणाड्या हातात बेचक्याची काठी किंवा तळहातावर नारळ घेऊन शेतातून फिरतो, तोच प्रकार. विज्ञानाच्या कसोटीवर ही पद्धत टिकलेली नाही. विहीर खणायची असेल तर भूजलाचा अभ्यास असलेल्या माणसाला विचारा.

शास्त्रीय नाव हॅमामेलिस व्हर्जिनियाना. ग्रीकमध्ये 'हामा' म्हणजे सोबत आणि 'मेलॉन' म्हणजे फळ. गेल्या वर्षीच्या फुलांची फळं आणि या वर्षीची फुलं एकाच वेळी फांदीवर दिसतात, म्हणून हे नाव. असं का होतं ते मला फार विलक्षण वाटतं. फूल उमलतं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पराग तेव्हाच बसतात, पण फलधारणा थांबते ती थेट पुढच्या मे महिन्यापर्यंत. मग उन्हाळाभर बोंड भरतं आणि दुसऱ्या शरद ऋतूत पिकतं. एवढ्या थंडीत परागीभवन कोण करतं? माश्या आणि लहान मधमाश्या, शिवाय काही निशाचर पतंग. बर्न्ड हाइनरिख या जीवशास्त्रज्ञांनी दाखवलं की हे थंडीतले पतंग उडण्याआधी पंखांचे स्नायू थरथरवून अंग तापवून घेतात.

पायरी पहिली: आधी नीट ओळखा

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियापासून फ्लोरिडापर्यंत, मोठ्या झाडांच्या सावलीत, ओढ्याकाठी किंवा डोंगरउतारावर हे आपोआप वाढतं. उंची साधारण ३ ते ६ मीटर. एक खोड क्वचितच असतं. बुडातून चार-पाच खोडं वर येऊन छत्रीसारखी पसरतात.

खऱ्या हेझलशी, म्हणजे ज्याला खायची बी लागते त्याच्याशी, गल्लत होते. ओळख पटवायला एक पान तोडून देठाकडची बाजू बघा. विच हेझलच्या पानाच्या दोन्ही बाजू देठाशी एका पातळीवर मिळत नाहीत, एक खाली आणि एक वर. कडा लाटांसारखी गोलसर, तर हेझलच्या पानाला बारीक, टोकदार, दुहेरी दाते. हिवाळ्यात पानं नसताना कळ्या बघा. विच हेझलच्या टोकाच्या कळीवर खवले नसतात, ती उघडी असते आणि तपकिरी मखमलीसारखी लागते. फांदी किंचित नागमोडी जाते. आणि फांदीला चिकटलेली, चोच उघडल्यासारखी दिसणारी रिकामी लाकडी बोंडं दिसली की शंका उरत नाही.

शरदात पानंही पिवळी आणि फुलंही पिवळी, त्यामुळे पानं गळेपर्यंत फुलं नजरेस पडत नाहीत. वर्षानुवर्षं शेजारून जाऊनही कित्येकांना हे झुडूप माहीत नसतं ते यामुळेच.

पायरी दुसरी: कोणतं रोप आणायचं

रोपवाटिकेत विच हेझल मागितलं तर समोर बरेच प्रकार येतात, आणि इथेच चूक होते. जानेवारी ते मार्चमध्ये फुलणारी, मोठ्या सुवासिक फुलांची जी रोपं दिसतात, ती बहुतेक जपानी आणि चिनी जातींच्या संकराची असतात. बॉस्टनच्या अर्नोल्ड आर्बोरेटममध्ये तयार झालेलं पिवळं 'अर्नोल्ड प्रॉमिस', बेल्जियमच्या काल्म्तहाउट उद्यानातून आलेलं नारिंगी 'जेलेना' आणि लालसर 'डायन' ही त्यातली प्रसिद्ध नावं. ऐन बर्फात फुललेलं 'जेलेना' बघून कुणीही हरखेल. पण ही बागेची शोभा. साल वापरण्याची परंपरा, औषधी नोंदी, सगळं व्हर्जिनियानाचं आहे. काढ्यासाठी हवं असेल तर स्थानिक झाडांची रोपं विकणाऱ्या वाटिकेतून हॅमामेलिस व्हर्जिनियाना असंच नाव सांगून घ्या.

मिझुरी, आर्कान्सा, ओक्लाहोमा या भागात व्हर्नालिस नावाची देशी जात आहे. ती बुटकी असते आणि हिवाळ्याच्या शेवटी फुलते. लहान जागेसाठी तीही छान.

थंडीच्या कडाक्यावरून पाडलेल्या अमेरिकी हवामान-विभागांपैकी (लहान आकडा म्हणजे जास्त थंडी) ३ ते ८ मध्ये व्हर्जिनियाना टिकतं, संकरित जाती ५ ते ८ मध्ये. रानातून रोप उपटून आणू नका. मुळं तुटलेलं मोठं रोप सहसा जगत नाही आणि सरकारी रानातून परवानगीशिवाय रोपं उपटायला सहसा बंदी असते.

पायरी तिसरी: लावणी

हे मूळचं मोठ्या झाडांखालचं झुडूप आहे, हे लक्षात ठेवलं की जागा निवडणं सोपं जातं. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली सर्वांत उत्तम. पूर्ण सावलीत जगतं, पण फुलं विरळ येतात. दिवसभर कडक उन्हात पानांच्या कडा करपतात, विशेषतः जमीन कोरडी असेल तर. माती ओलावा धरणारी पण पाणी न साचणारी, आम्लधर्मी ते उदासीन. भिंतीच्या कडेला सिमेंटचा चुना मातीत उतरतो, तिथे लावू नका. झुडूप मोठेपणी ४ मीटरपर्यंत पसरू शकतं, तेवढी जागा सोडा. आमचं पहिलं झुडूप मी कुंपणाला खेटून लावलं होतं. सहा वर्षांनी त्याची अर्धी छत्री शेजाऱ्यांच्या अंगणात गेली.

लावायला सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा एप्रिल. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. खोडाचा बुंधा जिथे मुळांकडे रुंद होतो तो भाग मातीच्या पातळीवर दिसायला हवा. तो पुरला गेला तर झाड हळूहळू खंगतं, आणि कारण लक्षात येईपर्यंत दोन-तीन वर्षं गेलेली असतात. खड्ड्यात शेणखत भरायची आपल्याला सवय असते, पण इथे काढलेलीच माती परत भरा. वरून मात्र कुजलेल्या पानांचा किंवा लाकडाच्या भुशाचा ५ ते ८ सेंटिमीटर थर द्या, खोडापासून चार बोटं दूर.

पायरी चौथी: पाणी, छाटणी, कीड

पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा मुळांपर्यंत पोचेल असं भरपूर पाणी. रोज थोडं थोडं शिंपडण्याचा काही उपयोग नाही. त्यानंतर दीर्घ कोरड पडली तरच. खताची गरज जवळजवळ नसते.

वाढ सावकाश होते. छाटणी कमीत कमी करा. व्हर्जिनियाना छाटायचं तर हिवाळा सरताना, पालवी फुटण्याआधी. शरदातल्या फुलांच्या कळ्या त्याच वर्षीच्या वाढीवर उन्हाळ्यात धरतात, म्हणून जूननंतर कात्री लावली तर फुलं गेली. जानेवारी ते मार्चमध्ये फुलणाऱ्या संकरित जाती फुलं संपल्याबरोबर छाटा. संकरित रोपं बहुधा व्हर्जिनियानाच्या खुंटावर कलम केलेली असतात, त्यामुळे बुडातून खुंटाचे फुटवे येतात. ते वेळीच काढले नाहीत तर काही वर्षांनी 'जेलेना' बाजूला पडून खुंटच वाढलेला दिसतो.

पानांवर टोकदार टोपीसारख्या लहान गाठी दिसल्या तर घाबरू नका, औषध फवारू नका. एका जातीचा मावा पानाला डिवचतो आणि पान त्याच्याभोवती घर बांधतं. आपण औषधाला वापरतो ते माजूफळ म्हणजेही ओकवर किड्यामुळे आलेली गाठच. झुडपाला त्रास होत नाही. खरा त्रास हरणांचा आणि सशांचा. रोप कमरेएवढं होईपर्यंत भोवती जाळी हवीच.

हे औषध कुणाचं

साल हातात घेण्याआधी ही माहिती असावी असं मला मनापासून वाटतं, कारण बाटलीवर ती क्वचितच असते. विच हेझल हे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचं औषध आहे. मेनॉमिनी लोक फांद्यांचा काढा खेळाडूंच्या पायांना चोळत, म्हणजे स्नायू मोकळे राहत. त्यांच्या धार्मिक विधींत याच्या काळ्या बियांचे मणी वापरत. पोटावाटोमी लोक तापलेल्या दगडांवर फांद्यांची वाफ घेत, दुखऱ्या अंगासाठी. ओसेज लोक साल जखमा आणि गाठींवर लावत. चेरोकी लोक फोड-खरूज धुवायला आणि घसा दुखला तर काढा वापरत. इरोक्वा लोकांकडे पानांचा चहा होता.

१८४६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाचे थेरॉन पॉन्ड यांनी ओनायडा लोकांकडून शिकून विच हेझलचं औषध बाजारात आणलं. त्याचं नाव 'गोल्डन ट्रेझर'. त्यांच्या मृत्यूनंतर ते 'पॉन्ड्स एक्स्ट्रॅक्ट' म्हणून विकलं जाऊ लागलं. होय, आपल्या घरातल्या कपाटात हिवाळ्यात जी कोल्ड क्रीमची बरणी असायची, तेच पॉन्ड्स. क्रीम विसाव्या शतकात आली, पण घराण्याची सुरुवात या झुडपाच्या फांद्यांपासून झाली. हे समजलं तेव्हा मी आईला रात्री उशिरा फोन केला होता.

१८६६ साली कनेक्टिकटमधल्या एसेक्स गावी थॉमस न्यूटन डिकिन्सन यांनी ऊर्ध्वपातनाचा कारखाना काढला, आणि आजही या अर्काचं मोठं उत्पादन याच राज्यात, ईस्ट हॅम्प्टनला होतं. पानं गळल्यावर रानातली झुडपं बुडाशी कापतात, फांद्यांचा चुरा करून त्यातून वाफ नेतात, वाफ थंड करून पाणी गोळा करतात आणि टिकावं म्हणून त्यात १४ टक्के अल्कोहोल घालतात. कापलेल्या बुंध्याला नवे फुटवे येतात आणि काही वर्षांनी तेच झुडूप पुन्हा कापण्याजोगं होतं.

काढा वेगळा, अर्क वेगळा

आईचा अंदाज अर्धाच का बरोबर होता, ते आता सांगते. सालीत टॅनिन भरपूर असतं. हॅमामेलिटॅनिन हे त्यातलं या झुडपाच्या नावावरूनच ओळखलं जाणारं. टॅनिन म्हणजे तुरटपणा. ते त्वचेवरच्या प्रथिनांना घट्ट करतं, झिरपणं थांबवतं, सूज ओढून घेतं. आयुर्वेदात तुरट रसाला कषाय म्हणतात आणि काढ्यालाही कषायच, हे उगाच नाही. पण टॅनिन वाफेबरोबर उडत नाही. वाफेने काढलेल्या अर्कात ते जवळजवळ येतच नाही, मागे भांड्यातच राहतं. बाटलीतल्या पारदर्शक अर्कात येतात ती उडणारी सुगंधी द्रव्यं, आणि त्वचेला जे आखडल्यासारखं वाटतं त्यात मोठा वाटा वरून घातलेल्या अल्कोहोलचा. मूळ रहिवाशांनी वापरला तो काढा. दुकानात मिळतो तो अर्क. नाव एक, वस्तू दोन.

स्वतः खात्री करायची असेल तर सोपा प्रयोग आहे. एका वाटीत घरचा काढा, दुसरीत बाटलीतला अर्क घ्या. दोन्हींत एकेक साधा लोखंडी खिळा, जस्ताचा मुलामा नसलेला, रात्रभर टाकून ठेवा. सकाळी काढा निळसर काळा झालेला असेल आणि अर्क जवळपास होता तसाच. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो, हिरडा आणि हिराकस मिळून पूर्वी शाई होत असे, तीच ही क्रिया.

अर्क निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्वचेच्या किरकोळ तक्रारींसाठी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, त्वचा आखडवणाऱ्या औषधांत त्याला जागा दिली आहे, आणि त्या चकत्यांनी मला आराम पडला होता. पण परंपरेतलं औषध हवं असेल तर साल उकळावी लागेल.

पायरी पाचवी: साल आणि फांद्या गोळा करणं

पानं गळल्यापासून पालवी फुटेपर्यंतचा काळ योग्य. झुडूप किमान पाच-सहा वर्षांचं होऊ द्या. खोडावरची साल कधीही सोलू नका. चहूबाजूंनी साल निघाली की तेवढं खोड मरतं. त्याऐवजी सर्वांत जुनं एखादं खोड बुडाशी धारदार करवतीने कापा, किंवा बोटाएवढ्या जाडीच्या फांद्या काढा. एका हिवाळ्यात एकूण झुडपाच्या पाव भागाहून जास्त घेऊ नका. नव्या फुटव्यांनी ती जागा भरून निघते.

जाड फांद्यांची साल त्याच दिवशी सुरीने उभी तासून काढा, ताजेपणी ती सहज सुटते. वाळल्यावर लाकडाला चिकटते आणि बोटं कापायची वेळ येते. पेन्सिलीएवढ्या आणि त्याहून बारीक फांद्या सोलत बसू नका, छाटणीच्या कात्रीने सरळ बोटभर तुकडे करा. सुपात किंवा परातीत पसरून सावलीत आठवडा-दोन आठवडे वाळवा. तुकडा वाकवल्यावर कट्कन मोडला म्हणजे वाळला. काचेच्या बरणीत तारीख लिहून ठेवा. वर्षभर चांगली राहते.

पानंही चालतात. ती जुलै-ऑगस्टमध्ये, धड निरोगी बघून तोडावीत. त्यांचा काढा सालीपेक्षा सौम्य होतो, लहान पुरळावर मला तोच बरा वाटतो.

पायरी सहावी: काढा

१० ग्रॅम वाळलेली साल, किंवा त्याच्या दुप्पट ताजी, आणि २५० मिलिलिटर पाणी. भांडं स्टीलचं किंवा काचेचं, लोखंडाचं अजिबात नको. साल अर्धा तास पाण्यात भिजू द्या, मग उकळी आणा, आच मंद करा आणि झाकण ठेवून १५ ते २० मिनिटं शिजवा. पाण्याला कोऱ्या चहाचा तांबूस रंग येतो. निवल्यावर दुहेरी मलमलीतून गाळा. थेंबभर जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाका. कच्च्या सुपारीसारखं तोंड आखडलं तर काढा उतरला.

यात टिकवणारं काही नसल्यामुळे तो लवकर खराब होतो. फ्रिजमध्ये चार दिवस, त्याहून जास्त नाही. वास बदलला किंवा वर तवंग आला तर ओतून द्या. मी बर्फाच्या साच्यात ओतून गोठवते. उन्हाळ्यात डास चावले, घामोळं आलं, की एक तुकडा पातळ फडक्यात गुंडाळून फिरवायचा. फडकं जुनं घ्या, डाग निघत नाही.

घरचा अर्क, करायचाच असेल तर

गुलाबपाणी काढायची जुनी घरगुती पद्धत इथेही चालते. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात मधोमध एक उलटी वाटी, तिच्यावर स्टीलचा वाडगा. भोवती फांद्यांचे बारीक तुकडे रात्रभर भिजवून, वाडग्यात जाणार नाही इतपत पाणी. घुमटाकार झाकण उलटं ठेवा आणि त्याच्या खोलगट भागात बर्फ घाला. मंद आचेवर तासभर. वाफ झाकणाला थंड होऊन थेंबाथेंबाने वाडग्यात पडते. बर्फ वितळला की काढून नवा घालत राहा आणि तळाचं पाणी आटू देऊ नका. कपभर सुवासिक पाणी निघतं. त्यात अल्कोहोल नसतं, त्यामुळे तेही फ्रिजमध्ये काही दिवसच टिकतं. आणि पातेल्यात उरलेलं तांबूस पाणी फेकू नका, तुरटपणा सगळा त्यातच आहे.

वापरताना

आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट बघा. लाल झालं, खाज आली तर ते तुमच्यासाठी नाही.

किड्यांच्या चाव्यावर, दाढी केल्यावर, उन्हाने तापलेल्या कातडीवर, घामोळ्यावर, पॉयझन आयव्ही या इथल्या रानवेलीच्या स्पर्शाने उठलेल्या ओल्या पुरळावर कापसाने किंवा फडक्याने दिवसातून दोन-तीनदा लावावा. मूळव्याधीच्या बाहेरच्या कोंबांना थंड काढ्याची घडी १० ते १५ मिनिटं ठेवली की आग शमते. पण शौचातून रक्त जात असेल तर घरगुती उपायांवर दिवस घालवू नका. रक्ताचं कारण तपासून घ्यायलाच हवं. बाळंतपणानंतरच्या टाक्यांवर घरचा काढा वापरू नका, तो निर्जंतुक नसतो. तिथे दवाखान्यातल्या चकत्याच, आणि त्याही डॉक्टरांना विचारून.

घसा बसला तर पातळ काढ्याने गुळण्या करतात. गिळू नका. एवढं टॅनिन पोटात गेलं तर मळमळ आणि बद्धकोष्ठ होतं. दुकानातला अर्क तर पिण्याचा नव्हेच. डोळ्यांत, खोल जखमेत, भाजलेल्या फोडांवर काहीही घालू नका. ज्यांची त्वचा मुळात कोरडी आहे किंवा इसब आहे, त्यांना अल्कोहोलवाला अर्क झोंबतो आणि त्वचा आणखी कोरडी पडते.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी

रोप मागवू नका. या झुडपाला कित्येक आठवडे गोठवणारी थंडी लागते, ती महाबळेश्वरलाही मिळत नाही. बाटली घ्यायची तर मागची बारीक अक्षरं वाचा. नावापुढे 'डिस्टिलेट' किंवा 'वॉटर' असेल तर तो अर्क, त्यात तुरटपणा नाममात्र. अल्कोहोलची टक्केवारीही बघा. होमिओपॅथीच्या दुकानात हॅमामेलिस नावाचा मूळ अर्क मिळतो. तो अल्कोहोलमध्ये मुरवलेला असतो, त्यामुळे थेट त्वचेवर चोळायचा नाही. आणि तुरट पाण्यानेच धुवायचं असेल, तर हिरडा, त्रिफळा, बाभळीची साल तुमच्या दारात आहे. त्यासाठी महागड्या परदेशी बाटलीची गरज नाही.

पायरी सातवी: बियांपासून नवी रोपं

हे काम मला सर्वांत आवडतं, म्हणून शेवटी ठेवलं. ज्यांना चिकाटी आहे त्यांनी जरूर करावं.

तेरड्याचं पिकलेलं बोंड बोटांत धरलं की फट्कन फुटतं, ते लहानपणी सगळ्यांनीच केलं असेल. विच हेझलचं बोंड लाकडासारखं कडक, आणि त्याचा जोर कितीतरी जास्त. सुकता सुकता ते आकसतं, बियांना चिमटीत धरतं आणि दोन काळ्या चकचकीत बिया कित्येक मीटर दूर भिरकावतं. म्हणून सप्टेंबरात बोंडं हिरवी सोडून पिवळट तपकिरी होऊ लागली की फुटायच्या आत काढा. कागदी पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि घरात कोरड्या जागी ठेवा. आठवड्याभरात पिशवीतून टक टक आवाज येऊ लागतात. आमची मुलं अभ्यास सोडून पिशवीपाशी जाऊन बसतात.

बी सुकू देऊ नका. या बीला आधी उबेचा आणि मग थंडीचा काळ लागतो, त्याशिवाय ती उगवत नाही. फ्रिजची पद्धत अशी: ओलसर वाळूत बिया मिसळून पिशवीत दोन महिने घरातल्या तापमानाला, मग तीन ते चार महिने फ्रिजमध्ये ४-५ अंश सेल्सिअसवर, आणि एप्रिल-मेमध्ये पेरणी. पण मी निसर्गावर सोपवते. खोल ट्रेमध्ये पानांचं खत आणि वाळू मिसळून बी १ सेंटिमीटर खोल पेरते, वर बारीक लोखंडी जाळी ठेवते आणि ट्रे झुडपाच्याच सावलीत, जमिनीत अर्धा पुरून ठेवते. जाळी नसेल तर खारी आणि उंदीर एका रात्रीत सगळं संपवतात.

पहिल्या मे महिन्यात ट्रे बहुधा रिकामाच दिसतो. तो उलटा करू नका, उन्हाळाभर ओला ठेवा आणि दुसरा हिवाळाही बाहेरच काढू द्या. दुसऱ्या मेमध्ये बऱ्याच बिया उगवतात. पहिलं वर्ष रोपं सावलीतच ठेवा. वर्षअखेर ती वीतभरही होत नाहीत, आणि तेवढीच व्हायची असतात. त्या शरदात किंवा पुढच्या वसंतात एकेक रोप कुंडीत, दोन वर्षांनी जमिनीत. फूल यायला पेरणीपासून सहा वर्षं तरी लागतात. धाकटीच्या जन्माच्या वर्षी पेरलेल्या बियांपैकी दोन रोपं मी परसात लावली, आणि धाकटी दुसरीत गेली त्या नोव्हेंबरात त्यातल्या एकावर पहिली सात फुलं आली.